हॅमिल्टन की टौरंगा? आईला घेऊन गाव बघायला

विक्रमला एकाच आठवड्यात दोन नोकऱ्या स्थळांसारख्या सांगून आल्या. एक हॅमिल्टनला, 'ते रापा' नावाच्या भागातल्या दूध पावडरच्या कारखान्यात, आणि दुसरी टौरंगाला, किवीफळांच्या पॅकहाऊसमध्ये. दोन्ही ठिकाणी काम तेच, मालाची गुणवत्ता तपासायचं, आणि पगारही जवळपास सारखाच. प्रश्न उरला तो राहायचं कुठे याचा. ऑकलंडमध्ये हेन्डरसनच्या आमच्या भाड्याच्या युनिटमध्ये दोन दिवस दुसरा विषयच नव्हता.

माझी आई तेव्हा आमच्याकडे आलेली होती. सांगलीच्या सरकारी इस्पितळात तिने सगळी नोकरी केली, सिस्टर म्हणून लागली आणि मेट्रन म्हणून निवृत्त झाली. मी तिला आनंदाने सांगितलं, "आई, विक्रमला डेअरीत नोकरी मिळतेय." तिचा चेहराच उतरला. इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात, आणि ती रोज आमच्या गल्लीतल्या गुजराती काकांच्या डेअरीत दूध आणायला जायची.

"एवढं फूड टेक्नॉलॉजी शिकून दुकानात बसणार?"

तिला कारखाना समजावेपर्यंत विक्रम हसून हसून लोळायचा बाकी होता.

त्याच रविवारी टेक्सासहून माझ्या भावाचा, मंदारचा फोन आला. त्याला हा विषय म्हणजे पर्वणीच. अमेरिकेतलं कुठलं राज्य राहायला चांगलं, याचे तक्ते तिकडच्या मासिकांत येतात, ते सगळे त्याला तोंडपाठ. शाळा, कर, गुन्हे, घरांच्या किमती, वर्षातले उन्हाचे दिवस. हे सगळं तोलूनमापून तो न्यू जर्सीचा फ्लॅट सोडून टेक्सासला मोठ्या घरात गेला होता. "तुमच्याकडे गावांचं रँकिंग नाही का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "असेल, पण आम्ही जाऊन बघणार आहोत." माझ्या शेजारी बसलेली आई खाली मान घालून भाजी निवडत राहिली. ती दोन्ही राज्यांत राहून आलेली. टेक्सासहून मात्र ठरल्यापेक्षा बरीच आधी परतली होती, आणि "गुडघे दुखतात" यापलीकडे तिने कारण सांगितलं नव्हतं.

मला स्वतःला गावापेक्षा वेगळाच प्रश्न छळत होता. बाबा गेल्यापासून आई सांगलीत एकटी. तिने कायमचं आमच्याकडे यावं असं मला वाटत होतं, आणि घर असं हवं होतं की ती नाही म्हणूच शकणार नाही.

क्वीन्स बर्थडेच्या लाँग वीकेंडला निघालो. मी, विक्रम, आई आणि आमची सहा वर्षांची ईशा. कुणी जाणार असाल तर शनिवारी उजाडायच्या आत निघा, नाहीतर बॉम्बे हिल्सपर्यंत गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. हो, बॉम्बे हिल्सच. आईने पाटी मोठ्याने वाचली आणि म्हणाली, "मग पुढे खंडाळा येणार असेल." घाट म्हणावा असं तिथे काही नाही, पण टेकडी उतरलं की खाली वाइकाटोचा हिरवा पट्टा पसरतो आणि थोड्या वेळाने नदी रस्त्याच्या सोबतीला येते. हंटलीला वीजकेंद्राच्या दोन उंच चिमण्या दिसल्या. तिथल्या बेकरीत आम्ही 'पाय' घेतल्या, म्हणजे आत मांसाचं सारण भरून भाजलेल्या इथल्या करंज्याच. आईसाठी बिनमांसाची एकच होती, चीज आणि कांद्याची. तिने ती पिशवीतली शेंगदाण्याची चटणी लावून खाल्ली आणि "आता चव आली" असं जाहीर केलं.

हॅमिल्टनची चेष्टा करणं हा ऑकलंडकरांचा आवडता उद्योग. तिथे आहे काय, धुकं आणि गाई, असं सगळे सांगतात. आम्ही पोहोचलो तेव्हा गाई दिसत नव्हत्या, कारण धुकं होतं. ते रापाचा कारखाना त्या धुक्यात एखाद्या बोटीसारखा उभा होता, नुसते दिवे आणि वाफ. विक्रमला तिथला एकजण भेटणार होता, म्हणून त्याला फाटकाशी सोडून आम्ही नदीजवळच्या मोटेलवर आलो. ऑकलंडच्या मानाने मोटेल स्वस्त, खोलीत छोटं स्वयंपाकघर, आणि किल्लीबरोबर दुधाची बाटली देतात. ही इथली पद्धत मला अजूनही आवडते.

मोटेलच्या मागूनच नदीकाठचा रस्ता जातो. आम्ही तिघी चालायला निघालो. समोरून येणारा प्रत्येक जण "मॉर्निंग" म्हणत होता आणि आई प्रत्येकाला थांबून "गुड मॉर्निंग" असं पूर्ण उत्तर देत होती. पुढे एका बाकावर एक माओरी आजीबाई काठी टेकून बसल्या होत्या.

"किया ओरा," त्या म्हणाल्या.

"किया ओरा!" ईशाने शाळेत शिकल्यासारखं खणखणीत उत्तर दिलं. आई त्यांच्या शेजारी टेकली आणि तिची नजर सरळ त्यांच्या पायांवर गेली. घोटे सुजलेले होते.

"शुगर?" आईने विचारलं. इस्पितळात उमर गेलेल्या माणसाचं इंग्रजी असंच, मुद्द्याचं.

"हीप्स, डार्लिंग," म्हणजे ढीगभर, असं म्हणून त्या हसल्या. "यू अ डॉक्टर?"

"नर्स. थर्टी इयर्स."

मग दोघींचं जे जुळलं, ते मी नुसती बघत उभी राहिले. त्यांचं नाव मेरे. त्यांची मुलगी ऑस्ट्रेलियात, आईचा मुलगा अमेरिकेत. नातवंडांची संख्या बोटांवर सांगून झाली. मेरेबाईंनी बसचा थांबा दाखवला, ही बस गावात जाते, ती इस्पितळात, आणि लायब्ररीत गुरुवारी विणकाम करणाऱ्या बायका जमतात. आई मध्येच माझ्याकडे वळून म्हणाली, "मृण्मयी, यांना विचार, म्हातारं माणूस एकटं जाऊ शकतं का बसने?"

मी विचारलं. मेरेबाई म्हणाल्या, "मी कशी आले असेन, असं वाटतं हिला?"

दुपारी आईच्या हट्टाने आम्ही गाडी ठेवून बसने गावात गेलो. ती सीटवर नीट बसेपर्यंत ड्रायव्हरने बस हलवली नाही. संध्याकाळी विक्रम आला तोही खुशीत होता, माणसं चांगली वाटली म्हणाला. पण मग खिडकीबाहेरच्या करड्या आभाळाकडे बघून म्हणाला, "समुद्र मात्र कुठूनही लांबच." विक्रम मालवणचा. इथे आल्यापासून त्याची एकच इच्छा होती, कामावरून सुटल्यावर पाय पाण्यात घालता यावेत.

रविवारी काईमाईचा डोंगर ओलांडून टौरंगाला गेलो. हा रस्ता खरंच वळणावळणाचा आहे. वर धुकं असतं तेव्हा हेडलाइट लावून सावकाश जावं आणि ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवावं. पलीकडे उतरलो आणि कुणी पडदा सारावा तसं ऊन आलं. किवीच्या बागा, त्यांच्याभोवती झाडांच्या उंचच उंच भिंती, मग बंदर, लाकडाच्या ओंडक्यांचे ढीग, आणि टोकाला समुद्रात शिरलेला डोंगर, त्याला इथे नुसतं माउंट म्हणतात. विक्रमने गाडी थांबवली, बूट काढले आणि जून महिन्याच्या, म्हणजे इथल्या हिवाळ्यातल्या, त्या गार पाण्यात सरळ चालत गेला.

"बाबा, यू डोन्ट इव्हन हॅव युअर टॉग्ज!" ईशा ओरडली. पोहायच्या कपड्यांना इथे टॉग्ज म्हणतात. विक्रमची पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती आणि चेहरा असा, की मला वाटलं, झालं, ठरलं.

जेवायला संदीपकडे होतो. संदीप विक्रमचा कॉलेजपासूनचा मित्र, नागपूरचा, इथल्याच पॅकहाऊसच्या ऑफिसात. नव्या वस्तीतलं त्याचं घर बघून मी हरखून गेले. मोठी हिरवळ, उन्हात न्हालेलं स्वयंपाकघर, आणि एक जादा खोली, तिला स्वतंत्र न्हाणीघर. "हे बघ आई, अशी खोली तुला," मी म्हटलं. ती "छान आहे गं" म्हणाली. संदीपने केलेलं सावजी मटण विक्रमने तीनदा वाढून घेतलं, आईने वांग्याची भाजी आणि भाकरी खाल्ली, आणि मग "जरा शतपावली करून येते" म्हणून बाहेर पडली.

बराच वेळ झाला तरी ती आली नाही. मी गल्लीच्या टोकाला गेले. रस्ता मोकळा. दोन्ही बाजूंना एकसारखी घरं, एकसारख्या टपालपेट्या, बंद गॅरेजं आणि एकही माणूस नाही. संदीप आणि विक्रम गाडी घेऊन निघाले, मी ईशाला घेऊन पायी. मी हाका मारत होते आणि माझाच आवाज मला परका वाटत होता. मराठीत एवढ्या मोठ्याने मी या देशात कधीच बोलले नव्हते.

ती सापडली दोन-तीन गल्ल्यांपलीकडे, रस्त्याकडेच्या विजेच्या हिरव्या पेटीवर बसलेली. जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घातलेला एक पोरगेला माणूस तिच्यासमोर पाण्याचा ग्लास धरून उभा होता. "शी'ज ऑल गुड," तो मला म्हणाला, "कुठून आली ते कळेना, म्हणून इथेच थांबलो तिच्याबरोबर." मी त्याचे आभार मानले. "स्वीट ॲज," म्हणजे त्यात काय एवढं, असं म्हणून तो घरात गेला आणि गॅरेजचं दार खाली आलं.

आई घाबरलेली नव्हती. फक्त म्हणाली, "टेक्सासच आहे हे."

संध्याकाळी माउंटच्या वाळूवर बसून तिने ते सांगितलं. मंदारकडे असताना ती अशीच एकदा दुपारी चालायला निघाली. तिथे फूटपाथच नव्हता, लोकांच्या हिरवळीवरून चालत होती. कुणीतरी फोन केला असावा. पोलिसांची गाडी आली. पोलीस अगदी सभ्य होता, त्याने दार उघडून तिला बसवलं आणि घरी आणून सोडलं. सून घाबरली, मंदार ऑफिसातून धावत आला. "आई, प्लीज एकटी बाहेर जाऊ नकोस," एवढंच म्हणाला.

"त्याचं चुकलं नाही," आई म्हणाली. "पण त्यानंतर मी नुसती खिडकीत बसायचे. न्यू जर्सीचा फ्लॅट केवढासा, जिन्यात फोडणीचा वास, थंडीने हाडं गोठायची. तरी खाली उतरलं की दुकान होतं, बाकावर पंजाबी बायका असायच्या. टेक्सासला सगळं होतं गं. मला जायला जागा नव्हती."

"मग मंदारला सांगितलं का नाहीस?"

"माझ्यासाठीच पाच खोल्यांचं घर घेतलं होतं त्याने. काय सांगू?"

विक्रम सगळं ऐकत होता, वाळूत रेघोट्या ओढत. ईशा आजीच्या पाठीला टेकून बसली होती. "यू कॅन वॉक विथ मी, आजी," ती म्हणाली.

सोमवारी परत येताना वाईहीकडून आलो. कारांगाहाकेच्या घळीत नक्की थांबा, झुलत्या पुलावरून पलीकडे गेलं की जुन्या सोन्याच्या खाणींचे अवशेष दिसतात आणि चहाला जागाही आहे. तिथे थर्मासमधला चहा ओतताना विक्रम म्हणाला, "आई, आपण हॅमिल्टनला जाऊ या."

आई चिडलीच. "विक्रमराव, माझ्यासाठी काही ठरवू नका. एकदा झालं तेवढं पुरे. तुम्हाला समुद्र हवा, तुम्ही टौरंगाला राहा."

"तुमच्यासाठी नाही," तो म्हणाला. "काल तुम्हाला शोधताना मी संदीपला म्हटलं, शेजारी कुणाला तरी विचार ना, आईंना पाहिलं का. तो तिथे तीन वर्षं राहतोय. त्याला कुणाचं नावच माहीत नव्हतं. गाडीतच आमच्या दोघांच्या ते लक्षात आलं. समुद्र काय, सुट्टीला येऊन बघता येईल."

टौरंगावर मला अन्याय करायचा नाही. जुन्या गावात, बंदराजवळ, वेगळं असेलही, आणि त्या जँडल्सवाल्याइतका चांगला माणूस मला क्वचितच भेटलाय. पण आम्हाला परवडणारी घरं त्या नव्या वस्तीतच होती.

हेन्डरसनला परतल्यावर मी आईला सरळ विचारलं, हॅमिल्टनला घर घेतलं तर कायमची येशील का. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "येत जाईन. राहणार नाही." मग माझ्याकडे बघून तिने पोळी तव्यावर टाकली. "सांगलीत भाजी घ्यायला गेले तरी चार जण सिस्टर म्हणून हाक मारतात. कुणाचं बाळंतपण मी केलेलं असतं, कुणाच्या आईचं. इथे मी तुझी आई आणि ईशाची आजी. तेही गोड आहे. पण सहा महिन्यांपुरतं."

मी सिंकचा नळ सोडून त्या आवाजात थोडी रडले. ती पोळ्या करत राहिली, आणि मला वाटतं, तिने मुद्दामच वळून पाहिलं नाही.

ऑगस्टमध्ये आम्ही हॅमिल्टनला आलो, नदीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, जुन्या लाकडी घरात. आईने स्वयंपाकघर लावून दिलं आणि ती परत गेली. धुकं खरंच फार असतं, सकाळी कपडे वाळत नाहीत, आणि विक्रम महिन्यातून एकदा तरी आम्हाला रॅगलनच्या समुद्रकाठच्या काळ्या वाळूवर घेऊन जातो. मंदार अजून फोनवर विचारतो, कसं आहे तुमचं गाव, किती मार्क द्यायचे.

मला मार्क देता येत नाहीत. एवढंच सांगते, आई गेल्यावरच्या पहिल्या आठवड्यात घर खायला उठलं, म्हणून मी काही काम नसताना बाहेर पडले. दोन घरं सोडून राहणाऱ्या बाई कुंपणापाशी गुलाबाची छाटणी करत होत्या. त्यांनी माझं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते पार मोडून टाकलं. मी हसून "सोपं काहीतरी म्हणा" म्हटलं, तर त्यांनी कात्री खाली ठेवली, हातमोजे काढले आणि म्हणाल्या, "नाही, नीट सांग, सावकाश." मी परत सांगितलं, त्यांचं परत चुकलं.

तिसऱ्यांदा त्यांना जमलं.