ढुंढ्याचा अल्बम आणि बाबांचा एक शब्द

ढुंढ्या माझा चुलतभाऊ. नाव ढुंढिराज, पण नावाला शोभेल असं काही त्यानं केलेलं नाही. रेल्वेत तिकीट खिडकीवर बसतो, केस खांद्यापर्यंत वाढवतो, आणि आता त्याच्या 'वज्रदंत' बँडचा पहिला अल्बम आलाय. जुन्या धाटणीचं हेवी मेटल. म्हणजे दोन गिटारी एकमेकींच्या मागं सुसाट पळणार आणि हा वरच्या पट्टीत किंचाळणार. आमच्या इथल्या, गंगेकाठच्या पंचगंगा घाटावरचे नावाडीसुद्धा फोनवर तेच लावतात. "यज्ञेश्वरजी, आपके भाई ने गजब गाया है!" हे मला सांगतात, मला! अंगाचा नुसता तिळपापड होतो.

अहो, गळा माझा आहे! मी नाही, अख्खी गल्ली म्हणायची. माझे बाबा, श्रीनिवासशास्त्री, घरीच वेद शिकवतात. ढुंढ्या आणि मी एकाच दिवशी त्यांच्यापुढं बसलो. हा अर्ध्यातून पळाला. मी सगळी संहिता पाठ केली, अजून रोज पहाटे म्हणतो. बदल्यात एकच हवं होतं, बाबांच्या तोंडून एकदा 'छान'. पण छे! आमच्याकडे गुरूनं शिष्याची तोंडावर स्तुती करायची नाही, विद्या आटते म्हणतात. चुकलं की चापट, नाही चुकलं की 'पुढं'. चाळिशी आली माझी, अजून 'पुढं'च ऐकतोय.

परवा बाबाच म्हणाले, "ढुंढीचं काय ते लाव बघू." मला मनातून उकळ्या फुटल्या. म्हटलं, आता निघतात याचे वाभाडे! मुद्दाम सगळ्यात कर्कश गाणं शोधलं आणि आवाज मोठा केला. ड्रम धडाडले, ढुंढ्यानं लांबलचक किंकाळी सोडली. आई आतून ओरडली, "अरे, कोण मेलं?" बाबा डोळे मिटून बसलेले. उजवा हात मात्र स्वराबरोबर वर-खाली चाललेला, आम्हाला शिकवताना चालायचा तसाच.

गाणं संपलं. "श्वास कुठं घेतो पत्ता लागत नाही," बाबा म्हणाले. "छान गातो."

छान! इतकं सहज? मी आयुष्यभर ज्यासाठी ताटकळलो, ते या केसाळ माणसाला फुकट? डोळ्यांत पाणीच आलं, रागानं.

"सांग त्याला," बाबा म्हणाले. "मी सांगायचं नसतं. सोबतच्यानं पोचवायचं असतं."

"असं असतं?"

"म्हणजे काय? तू सगळी संहिता म्हणून दाखवलीस, तेव्हा ढुंढीला मी सांगितलं होतं. म्हटलं, असा गळा मी ऐकला नाही, जा, सांग त्याला. सांगितलं ना त्यानं?"

मी उठलो. पायात चप्पलही घातली नाही.

ढुंढ्या घाटाच्या पायऱ्यांवर चहा पीत होता. मला बघताच कुल्हड खाली ठेवून उभा राहिला. "यज्ञ्या, काकांनी सुनलं का रे? काय बोलले?" चेहरा असा, की एका शब्दासाठी रडेल.

"आधी तू सांग," मी म्हटलं. "माझ्या गळ्याबद्दल बाबा तुला कधी काही बोलले होते?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग गंगेकडे.

"नाही यार. कधी नाही."

"मग तुझ्याबद्दलही नाही बोलले," मी म्हटलं.