बिनमाणसाचं इमान

ती घटना आठवली की आजही मला वैताग येतो. दुसरे महायुद्ध चालू होते आणि मी लोणावळ्याला फौजदार होतो. जर्मनीने चालकाशिवाय उडणारा बॉम्ब तयार करून लंडनवर सोडल्याची बातमी त्या पावसाळ्यात आली. आज ज्याला क्रूझ क्षेपणास्त्र म्हणतात, त्याचा तो पहिला अवतार. तो घोंघावत येतो आणि आवाज थांबला की कोसळतो, एवढे वर्तमानपत्रात होते. बाजाराच्या दिवशी ते मावळभर झाले.

मग टाकव्याहून पोलीस पाटील धापा टाकत आले. "साहेब, आमच्या हितल्या एकानं बिनमाणसाचं इमान केलंय! माळापल्याड घोंघावतंय. थांबलं की आख्खा गाव पालथा पडतोय."

"आणि इमान पडतं का?"

"अजून न्हाई. पन पडंल की!"

पाटलांनी पुण्यालाही कळवले होते. वरिष्ठांचा हुकूम आला: यंत्र जप्त करा, इसमास कोठडीत घाला. इसम रेल्वेतून कमी केलेला फिटर, आता शेती करणारा. पंचनाम्यात एक बांबू, पत्र्याची पाती आणि तार.

"हे कशासाठी?"

"आवाजासाठी."

"आवाज थांबला की?"

"ती येत्यात, साहेब."

"ती कोण?"

"नाव न्हाई घेणार."

कितीही विचारा, उत्तर तेच. साथीदारांची नावे लपवतो, असे मी कळवले. 'नावे काढा,' अशी पुण्याहून तार. मी कपाळाला हात लावला.

मग त्याची बायको ठाण्यात आली. "नवरा ठिवा तुमच्यापाशी, घरी लय डोकं खातो. पन ते फिरकं द्या, न्हाईतर एक शिपाई द्या. दाण्यावर आल्यालं भात आज जाईल. वर्साचं खाणं हाय ते."

"कोण नेईल?"

तिने इकडेतिकडे पाहिले आणि नाकाने घुर्रघुर्र केले.

बंदोबस्तावरून नुकतेच परतलेले आमचे हवालदार हसत सुटले. "साहेब, रानडुकरं! भात उभं असताना त्यांचं नाव घेत न्हाईत. घेतलं की येत्यात."

"मग हा तसं सांगत का नाही?"

"सांगितलं म्हंजे नाव घेतलंच की!"

सुटकेला पुण्याचा हुकूम हवा आणि मुद्देमाल परत द्यायलाही तोच हवा. डुकरे हुकमाची वाट पाहणार नव्हती. मी हवालदारांना रात्री राखणीला जाण्याची विनंती केली. रॉकेलचा रिकामा डबा उचलत ते म्हणाले, "लंडनला तोफा, टाकव्याला मी!"

सुटकेचा हुकूम आला तो प्रश्नासकट: यंत्र चालकाविना कसे चालते? मी लिहिले, 'वाऱ्याने. एका जागी फिरते.' फिटर घरी गेला. भात वाचले होते. डबा बडवून आणि ओरडून हवालदारांचा घसा बसला होता.

गप्प बसणारा माणूस काही लपवतोच असे नाही. कधीकधी तो काही राखत असतो. हे मी त्या प्रकरणात शिकलो.

हवालदार यंदा भाद्रपदात वारले. दहाव्याला तो फिटर काठी टेकत आला होता. मग मी विचारले, "अजून येतात का?"

"कोण, साहेब?" तो म्हणाला.

शिवारात भात उभे होते. मीही नाव घेतले नाही.