राखीव जेरीकॅन

सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालो तेव्हा माझी सतरा वर्षं गाड्यांखाली गेली होती. मी लढाऊ तुकडीतला नव्हे. लढणाऱ्यांच्या गाड्या चालू ठेवणारा मेकॅनिक. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पेन्शन घेऊन ओट्यावर बसायचं माझं वय नव्हतं, म्हणून अमिरातीत पाइपलाइनच्या एका कंत्राटदाराकडे लागलो. पहिले सहा महिने दुबईला, रास अल खोरच्या वर्कशॉपमध्ये. मग अबूधाबीच्या दक्षिणेला वाळवंटातल्या कॅम्पवर व्हेइकल इन्चार्ज. कंपनी त्याला ट्रान्सफर म्हणायची. मी पोस्टिंगच म्हणायचो.

कॅम्पपासून डांबरी रस्ता बेचाळीस किलोमीटर. मधे वाळू, आणि दर किलोमीटरला ठोकलेला आकडा लिहिलेला लोखंडी खांब.

माझ्या ताब्यात दोन पिकअप होत्या. दोन्ही अमेरिकन, पेट्रोलच्या. नागरी वाचकांना पिकअप म्हटलं की भाजीचा टेम्पो डोळ्यांसमोर येतो, म्हणून थोडं सांगतो. आठ सिलिंडरचं, सात लिटरच्या वरचं इंजिन. ट्रकसारखी शिडीची चॅसिस. मागचे स्प्रिंगचे पाटे असे रचलेले की रिकामी गाडी वरच्या पाट्यांवर चालायची आणि टनभर माल चढला की खालचे जाड पाटे कामाला लागायचे. मागच्या अ‍ॅक्सलची रचना तर बघत राहावी अशी. सगळं वजन हबवर, अ‍ॅक्सलच्या दांड्याकडे फक्त चाक फिरवायचं काम. दांडा तुटला तर उपसून टाका, चाक जागचं हलणार नाही. गिअरबॉक्सच्या तेलाला थंड करायला वेगळी जाळी. चार टनांचा पाइपांचा ट्रेलर मागे लावून ही गाडी वाळूची चढण चढायची आणि मी स्टिअरिंगवर हात ठेवून तिचं कौतुक करायचो. माझी बायको म्हणते, तेवढं कौतुक मी माणसांचं कधी केलं नाही. खरं आहे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनजवळ नव्हता, टाकीच्या आत होता. पेट्रोलमध्ये बुडालेला. पेट्रोलच त्याला थंड ठेवायचं. वर्कशॉपमध्ये मला हे शिकवलं होतं. उन्हाळ्यात टाकी भरलेली ठेवा, असंही सांगितलं होतं. मी मान डोलावली होती.

पण माझी घडण जुनी. राजस्थानात आम्ही पेट्रोलच्या वन-टन गाड्या चालवल्या. त्यांचा पंप इंजिनला लागून. दुपारी पेट्रोलची नळीतच वाफ व्हायची आणि गाडी बंद पडायची. मग पंपावर आणि नळीवर ओलं फडकं गुंडाळायचं, वर पाणी ओतत राहायचं. दहा मिनिटांत गाडी चालू. आणि दुसरा नियम, राखीव जेरीकॅनला काटा लाल रेषेला टेकल्याशिवाय हात लावायचा नाही. हा नियम मी कॅम्पवरही लावला. प्रत्येक गाडीत वीस लिटर पाणी, वीस लिटर पेट्रोल. पेट्रोलच्या कॅनवर रंगानं लिहिलं, "रिझर्व्ह. ऑर्डरशिवाय नाही."

त्यावरून माझी चेष्टा करणारा एकच माणूस होता. लान्स नायक दत्ताराम परब, पायदळातून निवृत्त, सावंतवाडीकडचा. कॅम्पवर रिगरचं काम करायचा, म्हणजे पाइप उचलणं, बांधणं, उतरवणं. बुटका, रुंद खांद्यांचा, सतत काहीतरी गुणगुणणारा.

"उस्ताद, तां पेट्रोल कित्याक साठवन ठेवलात?" तो म्हणायचा. "टाकीत ओता मां. हय खंय लढाई लागली हा?"

"परब, ऑर्डर म्हणजे ऑर्डर."

"होय साब!" म्हणून तो खाडकन सॅल्यूट ठोकायचा आणि हसत सुटायचा.

जुलैतला दिवस. बाकीची माणसं दुसरी पिकअप घेऊन कॅम्पच्या पुढे पंधरा किलोमीटरवर कामाला गेलेली. कॅम्पवर तिघेच. मी, परब आणि कॅम्प बॉस रशीदभाई. रशीदभाई पेशावरचे, वायरलेस सेट तेच सांभाळायचे. दुपारी उन्हात काम बंद असायचं. परबनं मात्र एक ट्रेलर उतरवायचा राहिला म्हणून सावली सोडली. मी त्याला हटकलं नाही. काम अर्धं टाकणारा माणूस मला कधी आवडला नाही.

एक वाजून दहा मिनिटांनी तो पडला. मी पोचलो तेव्हा त्याची कातडी तव्यासारखी तापली होती आणि अंगावर घामाचा थेंब नव्हता. उष्माघात. सैन्यात मी तो दोनदा पाहिला होता. दोघांपैकी एकच वाचला होता.

रशीदभाईंनी सेटवरून अँब्युलन्स मागवली. ती डांबरी रस्त्यापर्यंतच येऊ शकत होती.

"शिंदे, तुम निकलो," ते म्हणाले. "मैं सेट पर बैठता हूँ. यल्ला!"

परबला मागच्या सीटवर झोपवलं, अंगावर ओली चादर टाकली, एसी पूर्ण सोडला. वाळूत रुतू नये म्हणून टायरची हवा आधीच कमी केलेली होती. काटा पाव टाकीच्या जरा खाली. बेचाळीस किलोमीटरला तेवढं पुरेसं होतं. एक पंचवीसला निघालो.

मी घाबरलो होतो. सीमेवर तोफांचा मारा चालू असताना मी गाडीखाली पडून काम केलं आहे. तिथंही भीती वाटायची, पण आजूबाजूला घाबरलेली पन्नास माणसं असायची. इथं मी एकटा, आणि मागून परबचं बरळणं. "टपाल इला काय?" असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता. थोड्या वेळानं ते थांबलं. ते थांबल्यावर जास्त भीती वाटली.

गाडी मात्र झकास पळत होती. दोन वाजून पाच मिनिटांनी बाविसाव्या खांबाजवळच्या लांब चढणीवर तिनं दोन आचके दिले आणि बंद पडली. चावी फिरवली. स्टार्टर फिरत होता, इंजिन धरत नव्हतं. गाडीतला वायरलेस उचलला.

"कॅम्प, गाडी एक. इंजिन बंद. खांब बावीस. ओव्हर."

"गाडी एक, कॅम्प. दूसरी गाडी को बुला लिया. डेढ़ घंटा लगेगा. मरीज कैसा है? ओव्हर."

मागे पाहिलं. परबचे डोळे अर्धवट उघडे होते. छाती भराभर हलत होती.

"जिंदा है. ओव्हर."

एसी बंद. केबिन भट्टीसारखी तापू लागली. मी चारही दारं उघडली, बॉनेट उघडलं आणि पाण्याचा कॅन उचलला. बनियन काढून भिजवली, इंजिनवरच्या पेट्रोलच्या नळीला गुंडाळली आणि ओतायला लागलो. माझे हात जराही अडखळले नाहीत. सतरा वर्षांची सवय होती. पाच लिटर ओतलं, चावी फिरवली. नाही. आणखी पाच ओतलं. नाही.

"पानी," मागून परब म्हणाला. अगदी स्पष्ट.

"थांब, परब. गाडी चालू करतो."

आणि मी उरलेलं पाणी ओतत राहिलो. गाडी सुटली तर तो सुटेल, डोक्यात एवढं एकच होतं. वाळूवर पडलेलं पाणी बघता बघता वाळत होतं. कॅनमध्ये दोनेक लिटर उरलं तेव्हा मी पुन्हा चावी फिरवली आणि एकदम लक्षात आलं की मागून आवाज येत नाही. चावी लावली की टाकीतला पंप दोन सेकंद गुणगुणायचा. तो गप्प होता. पंप इथं बॉनेटखाली नव्हताच. तो टाकीत होता, थोड्याशा पेट्रोलमध्ये, त्यातून चढणीवर उघडा पडलेला. तापून बंद झाला होता. मी अठरा लिटर पाणी भलत्याच जागी ओतलं होतं.



उरलेलं पाणी घेऊन परबकडे गेलो. थोडं ओठांवर लावलं, बाकीचं डोक्यावर, मानेवर, काखेत ओतलं. मग ताडपत्रीखालच्या सावलीतला राखीव जेरीकॅन ओढला. त्याच्यावरची ऑर्डर माझ्याच अक्षरात होती. वीसच्या वीस लिटर टाकीत ओतलं. दहा मिनिटं थांबावं लागणार होतं. ती दहा मिनिटं मी परबवर सावली धरून उभा राहिलो आणि घड्याळाकडे बघत राहिलो. त्याचा श्वास तुटक झाला होता. प्रत्येक श्वासानंतर मला वाटायचं, आता पुढचा येणार नाही.

दोन पन्नासला चावी फिरवली. मागून गुणगुण आली. इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं.

"कॅम्प, गाडी एक. चालू. ओव्हर."

"अल्हम्दुलिल्ला. चल, चल. ओव्हर."

तीन पंचवीसला डांबरी रस्त्यावर पोचलो. अँब्युलन्स उभी होती. हॉस्पिटलात डॉक्टर भारतातलेच होते, तरुण. त्यांनी विचारलं, "रास्ते में बदन पर पानी डालते रहे?"

"दो लीटर."

"बस? पानी था नहीं?"

सहा वाजून वीस मिनिटांनी परब गेला.

रिपोर्ट मीच लिहिला. वेळा लिहिल्या, खांबाचा नंबर लिहिला, पाण्याचं लिहिलं, जेरीकॅनचं लिहिलं. कंपनीनं मला दोष दिला नाही. रशीदभाईंनी पाठीवर हात ठेवला, म्हणाले, "खलास, शिंदे. जो हुआ सो हुआ." दुसऱ्या दिवशी मी दोन्ही गाड्यांच्या कॅनवरचं ते वाक्य खरवडून काढलं. तेव्हापासून माझ्या ताब्यातल्या कुठल्याही गाडीचा काटा अर्ध्याच्या खाली गेला नाही.

आमच्या तालुक्याच्या गावी शहीद स्तंभ आहे. दर वर्षी तिथं दोन मिनिटं उभा राहतो तेव्हा माझ्यासोबतचे गेलेले चौघे आठवतो, आणि पाचवा परब. त्याचं नाव कुठल्या स्तंभावर येणार नाही. तो रजेच्या आदल्या महिन्यात ट्रेलर उतरवताना गेला.

त्याच्या सामानाची पेटी घेऊन मी त्याच्या घरी गेलो होतो. ऊन चढलेलं. मी पडवीत बसलो आणि मनात जुळवलेलं सगळं बोलायच्या आत वहिनींनी, परबच्या बायकोनं, पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा आणून माझ्यासमोर ठेवला. दारात आलेल्याला देतात तसा.

मी तांब्याला हात लावला नाही. आधी सगळं सांगितलं. पाण्याचं, नळीचं, त्यानं मागितलं होतं तेही. काही वगळलं नाही. वहिनी खांबाला टेकून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मागीर दिलात मां त्येंका? थोडा तरी?"

"हो. ओठांना लावलं."

त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि तांब्या माझ्याकडे सरकवला. "उन्हातसून इलात. आदी पानी घेवा."