हरवलेल्या अणूचा ठिपका

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती आणि एका अनोळखी माणसाचा कोड ओळ न् ओळ वाचत होती. ऑफिसात तिला शंकासुर म्हणतात. तिची त्याला हरकत नाही.

तिचं सॉफ्टवेअर फुकट आहे, कोडही सर्वांसाठी खुला. एका जातीच्या क्वांटम संगणकात लेझरच्या चिमट्यांनी धरलेले अणू गणित करतात. ते कसे सरकतात, कुठे निसटतात, हे तिचं सॉफ्टवेअर पडद्यावर ठिपक्यांनी दाखवतं. नोकरी सांभाळून ती एकटीच ते चालवते.

गेले काही महिने हा माणूस दुरुस्त्या पाठवत होता, आणि त्या चांगल्या होत्या. परवा त्याने नव्या आवृत्त्या काढायचे अधिकार मागितले. ताई, तुमचा भार हलका होईल, असं लिहून.

"फुकट राबतो आणि वर घराची किल्ली मागतो," मावशी चहा गाळत म्हणाली. "जावई व्हायचंय का त्याला?"

"मीही फुकटच राबते, मावशी."

"तू आधीपासूनच वेडी आहेस. तुझं सोड."

तिला खटकलं ते वेगळंच. त्याच्या नव्या दुरुस्तीनंतर एकही अणू हरवत नव्हता. तिने मुद्दाम मध्येच एक अणू गायब होईल अशी माहिती तयार करून चालवली. ठिपका शेवटपर्यंत जागेवर चमकत राहिला.

त्याने विनंतीखाली दिलेल्या नंबरवर तिने फोन लावला. "गेलेला अणू दिसतोय कसा?"

"कॅमेऱ्याला कधीकधी एखाद्या फोटोत अणू दिसतच नाही, ताई. ठिपका लुकलुकतो. म्हणून मी मागच्या फोटोतला ठिपकाच ठेवतो."

"आणि खरंच निसटला असेल तर?"

"आमच्या कंपनीच्या साहेबांना यंत्र बघायला येणाऱ्यांसमोर लुकलुक नको होती."

"मग अधिकार कोणाला हवे होते? तुला की साहेबांना?"

"फोन ठेवू का, ताई?"

त्याने ठेवलाच. तिने ती दुरुस्ती नाकारली, अधिकारांची विनंतीही. मावशीने दुसरा कप पुढे सरकवला तेव्हा ती त्याच्या जुन्या, आधी स्वीकारलेल्या दुरुस्त्या शोधून काढत होती.

नवी आवृत्ती उद्या नऊला निघणार होती. ती आता निघणार नाही. उद्या सहा चाळीसला ती त्याची सर्वांत पहिली दुरुस्ती पुन्हा वाचायला घेईल.