विमानाचा बांध

बायांनो, हसा पोटभर, पण माझ्या सासूबाईंच्या कानावर घालू नका. मी लेकीच्या विमानाच्या पंखांना इस्त्री केली!

खरंच! आमची पूर्वा सहावीत. शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनासाठी आठ दिवस खपून तिने पुठ्ठ्याचं विमान बनवलं. त्या दिवशी सकाळी ती आंघोळीला गेली आणि माझी नजर गेली पंखांवर. दोन्ही टोकं वर वळलेली! शेजारी आमचा दोन वर्षांचा बाळू, हातात चमचा. हाच बसला असणार विमानावर! दिला एक धपाटा.

पोरीचं शाळेत हसं झालं तर? इस्त्री तापवली, टोकं दाबून सपाट केली, वरून चिकटपट्टी मारली आणि विमान कागदात गुंडाळून दिलं. सातवी शिकलेय मी, एवढं कळतं की!

मागोमाग मीही गेले प्रदर्शन बघायला. शाळेत कागद सोडला आणि पूर्वा किंचाळली, "आई, टोकं कुठं गेली?"

"सरळ केली गो. बाळूने वाकवलेली ना!"

"त्याने नाय, मीच वळवलेली! तेच तर सांगायचंय!"

मागे तिचा तक्ता टांगलेला: 'विमानाच्या पंखांची टोकं वर का वळवतात?'

परीक्षक शेजारच्या टेबलाशी आलेले, पोरीचे डोळे भरलेले.

देवासारख्या धावल्या तिच्या बाई. "रडतेस काय? एकच टोक वळव, दुसरं राहू दे सपाट. फरक दिसेल. आणि दोन्हींखाली नावं लिही." पदराची पिन काढून त्यांनीच टोक पक्कं केलं.

परीक्षक आले. पूर्वा धडाधडा बोलली, "पंखाखालची हवा जास्त दाबाची. ती टोकावरून वर पळते, तिथे भोवरा होतो, विमान मागे ओढलं जातं. टोक वळवलं की भोवरा लहान होतो, इंधन वाचतं."

मला राहवलं नाही. "म्हंजे भातखाचराचा बांध! कडेने पाणी पळू नये म्हणून आमी घालतो तसा!"

"बरोबर पकडलंत, ताई," परीक्षक हसले.

दीर दरसाल बांध कोरतो म्हणून भांडणारी मी, आणि पोटच्या पोरीचा बांध मीच फोडलेला!

दुसरा नंबर आला. बाईंचे उपकार जन्मभर विसरणार नाही. घरी येऊन बाळूलाही पोटाशी धरलं.

फक्त शाळेत फोटो काढताना मी पूर्वाने लिहिलेली नावं वाचली. एका पंखाखाली 'वळवलेलं टोक'. दुसऱ्याखाली 'आईने केलेलं टोक'.

आमचं अख्खं सापगाव वाचून गेलं होतं!