सासूबाईंच्या दंडावरचे डाग

सासूबाईंच्या हृदयाची झडप नागपूरला बदलली, तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी आमच्या घरात आली. सुट्टी देताना डॉक्टरांनी मला समोर बसवलं. म्हणाले, "झडप धातूची आहे. गोळी कमी पडली तर तिच्यावर रक्ताची गाठ धरेल, जास्त झाली तर रक्तस्राव होईल. मधलं माप सांभाळायचं काम आता तुमचं." नवरा औषधं आणायला खाली गेला होता, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. नंतरही माझ्याकडेच राहिलं.

अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं घर. गल्ली अशी की समोरच्या घरातली फोडणी आमच्या डोळ्यांत जाते. मी शाळेत शिकवते. शाळेत जाण्याआधी सासूबाईंची विचारपूस व्हायची. हिरड्यांतून रक्त आलं का, लघवी लाल दिसली का, शौचाला काळं झालं का. महिन्याच्या महिन्याला रक्त तपासायचं, आकडा डॉक्टरांना कळवायचा, ते सांगतील तशी गोळी कमी-जास्त करायची. गुडघे दुखले तरी दुकानातून आणून दुखण्याची गोळी द्यायची नाही. पालेभाजी खायची, पण रोज सारखीच. एक दिवस ताटभर आणि मग आठवडाभर नाही, असं चालणार नव्हतं. जिने जन्मभर मळ्यातली मेथी-पालक विकली आणि मनात येईल तेव्हा खाल्ली, तिला हे सांगणं सोपं नव्हतं.

"आता भाजी बी तुले इचारून खाऊ काय?" त्या म्हणायच्या.

"खा न आई. फक्त माप ठेवा."

"अन् सकाळी उठल्याबरोबर संडासाचा रंग इचारते. पोलीसही इतकं इचारत नाई."

पण सांगायच्या. आमचं तसं बरं चाललं होतं.

डाग पहिल्यांदा पावसाळ्यात आले. दाराच्या कडीला दंड लागला एवढंच, पण दुसऱ्या दिवशी तळहाताएवढा निळा-काळा डाग. मग मनगटाजवळ एक, मांडीवर एक. मी लगेच रक्त तपासून घेतलं. रक्त गरजेपेक्षा पातळ झालं होतं. डॉक्टरांनी गोळी कमी केली आणि पुन्हा तपासायला सांगितलं. आकडा जागेवर आला, पण जुने डाग उतरायला वेळ लागतो. निळ्याचे हिरवे, हिरव्याचे पिवळे होत ते दिसत राहिले.

गल्लीने ते पाहिले. समोरच्या घरातल्या काकूंनी सासूबाईंना ओट्यावर विचारलं, "सून हात उचलते काय वो तुमच्यावर?"

"नाई बाप्पा. गोळीचं हाये ते," सासूबाईंनी सांगितलं.

मग दुसरीने विचारलं, तिसरीने विचारलं. त्या कंटाळल्या. कोणी हाताकडे पाहिलं की नुसता पदर ओढून घ्यायच्या. त्यांचं ते पदर ओढणंच माझ्या अंगाशी आलं. घाबरून लपवते, असं ठरलं. दूध घ्यायला गेले की बायका बोलायच्या थांबायच्या. शाळेतल्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, म्हाताऱ्या माणसाशी शांततेनं घ्यावं.

नणंद धामणगाव रेल्वे या गावी असते. तिच्यापर्यंत बातमी कोणी पोचवली ते मला आजही माहीत नाही. ती आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "माय मार खायची झाली काय या घरात?"

मी तपासण्यांचे कागद पुढे ठेवले. गोळीमुळे काय होतं ते समजावून सांगितलं.

"कागद मले नको दाखवू. मले तिचे हात दिसून रायले."

मी नवऱ्याकडे पाहिलं. डाग पडला त्या दिवशी तो घरात होता, कडी लागली ते त्यानेच पाहिलं होतं. तो म्हणाला, "जाऊ दे न ताई. आईले चार दिवस घेऊन जा, तुझंही समाधान होईल." माझ्या बाजूने एवढंच बोलणं झालं.

सासूबाई निघाल्या. मी गोळ्यांचा डबा नणंदेच्या हातात दिला आणि सांगितलं, "एक दिवसही चुकवू नका. रक्त कधी तपासायचं ते मी फोनवर सांगीन." तिने डबा घेतला. चार दिवसांचे आठवडे होत गेले. फोन केला की "देतो, देतो" म्हणायची आणि ठेवून द्यायची. तपासणीचा दिवस आला तेव्हा म्हणाली, "करून आणलं. चांगलं हाये." आकडा विचारला तर फोन बंद.

मग एका दुपारी नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो आला. सासूबाई खुर्चीत बसलेल्या, दोन्ही हात पुढे केलेले. हातांवर एकही डाग नाही. खाली नणंदेने लिहिलं होतं, लेकीच्या घरी माय कशी राहते ते पाहा. भराभर हात जोडलेली चित्रं आली. माझ्या दिराने सुद्धा पाठवलं.

तो फोटो पाहून मला अपमानाआधी भीती वाटली. कमी गोळीवरही त्यांच्या हातावर लहानसहान काहीतरी असायचंच. मी नवऱ्याला म्हटलं, "गोळी बंद केली आहे यांनी. आत्ता फोन करा."

त्याने केला. स्पीकरवर नणंद सहज म्हणाली, "हिरडीतून रक्त आलं होतं रे तिच्या. घाबरलो आमी. पंधरा दिवस झाले, बंदच केली. तेव्हापासून डाग बी गेले, पाह्य."

म्हणजे तिला कळलं होतं. डाग गोळीचे होते हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तरी तो फोटो टाकला होता.

नवऱ्याने आईला लगेच डॉक्टरकडे न्यायला सांगितलं. "सकाळी नेतो," ती म्हणाली. आम्हीही सकाळी निघालो. बडनेऱ्याच्या अलीकडे होतो तेव्हा तिचा फोन आला. चहा पिताना आईच्या हातातून कप सुटला होता, तोंड वाकडं झालं होतं.

त्यांना अमरावतीला हलवलं. तिथल्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गोळी कोणी बंद केली?"

नणंद रडू लागली. डॉक्टर तरुण होते, आवाज न चढवता म्हणाले, "रक्त आलं तर त्याच दिवशी तपासून डोस ठरवायचा असतो. मनाने बंद करायची नसते. झडपेवरची गाठ मेंदूत गेली आहे."

माझ्याजवळ बोलायला खूप होतं. पण आत त्या पडल्या होत्या, आणि तिथे बोललं असतं तर तेही माझ्याच खात्यावर कडूपणा म्हणून जमा झालं असतं.

सासूबाई वाचल्या. उजवा हात गेला, वाचा गेली. त्यांना कुठे ठेवायचं याची चर्चा कोणी केली नाही; त्या आमच्याकडे आल्या. समोरच्या काकू भेटायला आल्या आणि म्हणाल्या, "तूच करू जाणे बाई इतकं." आधीचं काही त्या बोलल्याच नव्हत्या अशा चेहऱ्याने. गोळी पुन्हा सुरू आहे, डाग पुन्हा पडतात, आता कोणी विचारत नाही. सकाळचे प्रश्न मी अजून विचारते. त्या मान हलवतात. कधी कधी नुसत्या माझ्याकडे पाहत राहतात, आणि त्यांना काय म्हणायचं आहे ते मला आता कधीच कळणार नाही.

दिवाळीत नणंद आली. आईजवळ बराच वेळ बसली. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "गोळी किती वाजता देते तू?"

मी वेळ सांगितली. ती आणखी काही बोलेल म्हणून थांबले. तिला तेवढंच विचारायचं होतं. चहा मात्र मी तिला विचारला नाही. तिने स्वतःच करून घेतला.