ओल्या रेतीवरची फुलपाखरं

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. झालं तसं लिहितो.

बायको होळीच्या आधी गेली, धंतोलीच्या दवाखान्यात. वैशाखात लेक प्रताप नगरहून आली न म्हणाली, "बाबा, आईची वाट दाखवा." आईची वाट म्हणजे कुहीकडच्या आमच्या गावामागचा कोरडा नाला. तेंदूपत्ता तोडायला ती तिथूनच जायची.

सकाळीच निघालो, तरी दहा वाजायच्या आत पाण्याची बाटली संपली. लेकीचं तोंड लालबुंद.

"घाबरू नको वं. तुही माय बाटली नेतच नव्हती. नाल्यात फुलपाखरं बसली दिसली का तिथंच रेती उकरायची. हातभर खाली पाणी."

मोहाच्या शेंड्यावर वानरं होती. एकही उडी मारत नव्हतं, सगळी एकाच बाजूला पाहत होती. उन्हानं सुस्तावली असतील म्हटलं न पुढं चाललो.

वळणावर फुलपाखरं दिसली. पिवळी, पांढरी, पंख मिटून दाटीनं बसलेली. लेकीनं मोबाइल काढला. मी गुडघे टेकून ओल्या रेतीत बोटं घातली. सगळी भुर्रकन उडाली. बोटभर ओल, त्याखाली रेती ठणठणीत कोरडी. बोटं नाकाला लावली. चिन्नोर तांदूळ शिजत असल्यासारखा वास.

वाघाच्या मुताला असाच वास येतो. वाघ मुतून गेला होता. आत्ताच. त्या उन्हात ओल टिकते किती?

वर वानर खाकरलं.

"माह्या मागं ये. सदरा धर न उलटी सरक."

"काहून? पाणी नाही का?"

"गप."

वानरं पाहत होती त्या बाजूच्या करवंदीच्या जाळीवरची नजर न काढता मी उलटा चालत होतो. जाळीत काहीच हललं नाही. हललं असतं तर निदान कुठं आहे ते कळलं असतं. फुलपाखरं मात्र पुन्हा त्याच ओलीवर येऊन बसली.

गावच्या हापशीवर लेक ओंजळीनं पाणी प्यायली. मग म्हणाली, "आई असती तर?"

"मले शिव्या घातल्या असत्या."

चाळीस उन्हाळे मी बायकोच्या मागून चाललो. उकरायच्या आधी ती चिमूटभर रेती नाकाशी न्यायची. मला वाटायचं, मातीच्या पाया पडते. मी हसायचो. काहून करते, ते कधी विचारलं नाही. फुलपाखरं तेवढी लक्षात ठेवली, न त्यांच्या भरवशावर पोरीला जाळीच्या तोंडाशी नेऊन उभं केलं.

"आई आणखी काय काय करत होती, बाबा?"

मी हापशीखाली बोटं धुवत राहिलो. वास जात नव्हता.